गुरम्माची विरळणी

कमल जाऊन सात महिने झाले. नातीनं एक वही आणून दिली. म्हणाली, आजोबा, आजीबद्दल आठवेल ते लिहून ठेवा, मन हलकं होईल. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो तर कमलचं एक वाक्य कागदावर येईना. दर खेपेला पहिल्या ओळीतच गुरम्मा येऊन बसते, तंबाखूची चंची सोडते आणि म्हणते, "मला सोडून तुला सांगता येणार हाय का रे?" येणार नाही, हे खरं. म्हणून आधी तिचंच लिहितो. मन हलकं व्हावं म्हणून नाही. मन हलकं करणारी बाई ती नव्हती.

लातूर नवीन जिल्हा झाला, तेव्हाची गोष्ट. उस्मानाबादेतून आम्ही सुटलो, नवे साहेब लोक आले, त्यांना बंगले लागले. औसा रोडला एका जुन्या बंगल्यात एक मोठे साहेब राहायला आले. जागा मोठी, पण बगीचा म्हणाल तर दोन कडुलिंब, एक चिंच आणि बाकी सगळं गाजरगवत. तिथं बगीचा करायला रोजंदारीवर तिघं लागलो. मी, माझी बायको कमल, आणि आम्हा दोघांवर मुकादम म्हणून उदगीरची गुरम्मा.

बाई उंच, तुराटीसारखी वाळलेली. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कमरेला दोन चंच्या. एकीत तंबाखू, दुसरीत बिया. न बघता हात घालायची, पण कधी चुकून बी तोंडात टाकलं नाही की तंबाखू वाफ्यात. उदगीरला कुठल्या तरी दवाखान्याच्या बागेत लहानपणापासून काम केलं होतं, एवढंच आम्हाला माहीत. नवरा कधी गेला, पोरंबाळं होती का, हे मी विचारलं नाही. कमलनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "कशाला? पेरायची हायत का तुला?"

चिडली की तिची कानडी बाहेर यायची. त्यातला एकच शब्द आम्ही शिकलो, साकु. म्हणजे पुरे. पाणी घालताना साकु, बोलताना साकु, रडताना साकु. तिच्या तोंडी तो शब्द खुरप्यासारखा चालायचा.

पहिल्याच दिवशी तिनं आम्हा दोघांपुढं एकेक कुंडी ठेवली. कुंडीत झेंडूची दाट रोपं. म्हणाली, "एक ठेवा, बाकीची काढा." बागकामात याला विरळणी म्हणतात. दाट उगवलेल्यातली चांगली ठेवायची आणि बाकीची उपटायची, म्हणजे राहिलेल्यांना जागा आणि पाणी पुरतं. कमलनं कुंडी फिरवून चारी बाजूंनी पाहिली आणि चटाचटा उपटून एक ठेवलं. माझ्याच्यानं होईना. मी उपटलेलं प्रत्येक रोप शेजारच्या मातीत खोचत बसलो. गुरम्मा आली, बघितलं, आणि टाचेनं ती सगळी चिरडत गेली. म्हणाली, "उपटलं ते उपटलं. त्याला परत जागा दाखवायची न्हाई. झाडाला दया दाखवायची नसती नाग्या, पाणी दाखवायचं असतं. ज्याला कळवळा येतो त्यानं देवळापुढं बसावं."

फुलं तोडण्यावरूनही माझा असाच उद्धार व्हायचा. तिचं म्हणणं, फूल तोडायचं तर पेराच्या वर, अंगठ्याच्या नखानं, तिरपं. कमलनं त्यासाठी एक नख वाढवलं होतं. तिचा देठ ब्लेडनं कापल्यासारखा दिसायचा. मी मात्र पिळून तोडायचो. हाताची सवय जाईना. देठाला पीळ दिसला की गुरम्मा खुरप्याच्या मुठीनं बोटांवर हाणायची. तिनं माझं नावच पिळ्या ठेवलं. "ए पिळ्या, फूल हाय ते, कोंबडी न्हाई." उजव्या हाताचं मधलं बोट माझं अजून थंडीत दुखतं.

त्या उन्हाळ्यात आमची गोदी गेली. दीड वर्षाची होती. पाणी खराब होतं, हगवण लागली, दोन दिवसांत सगळं आटोपलं. कमल भिंतीकडं तोंड करून पडली ती पडलीच. गल्लीतल्या बाया येऊन रडत होत्या. मी बाहेर ओट्यावर बसून होतो. माझ्याच्यानं तिच्याशी एक शब्द बोलवला नाही. तिसऱ्या दिवशी गुरम्मा दारात उभी. आत सुद्धा आली नाही.

"कमळे, ऊठ. झेंडूला किडा लागलाय."

शेजारची एक बाई म्हणाली, "आवं, काय माणूस हाव का कोण हाव? लेक गेली तिची."

"लेकीला लागला तवा मला कुणी बलावलं न्हाई. झेंडू तर वाचवू द्या."

असं बोलली. दारात उभी राहून, सगळ्यांपुढं. बायांनी तिला काय काय शिव्या दिल्या, त्या लिहीत नाही. पण कमल उठली. पदर खोचला आणि तिच्यामागं चालायला लागली. त्या दिवसापासून तिचे हात दिवसभर मातीत. घरी आली तरी नखातली माती काढायची नाही, तसंच जेवायची. ती मातीला धरून जगली, हे मला दिसत होतं. गुरम्माचं ते बोलणं मी माफ केलेलं नाही. पण कमलला उठवलं तिनंच. मी नाही.

मग ते बी आलं.

साहेबांच्या बायको, आमच्या बाईसाहेब, वरच्या थंड मुलखातल्या. बोलणं हिंदी. त्यांची आई तिकडं आजारी, अंथरुणाला खिळलेली. तिनं पाकिटात घालून एका फुलाचं बी पाठवलं. बारीक, काळं, चकचकीत. कोलंबाईन. बाईसाहेबांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. निळं फूल, मधे पांढरं, मान खाली घातलेलं, आणि मागं पाच लांब शेपट्या. गुरम्मानं चित्र जवळ धरून बघितलं आणि म्हणाली, "मान कशी खाली घातलीया बघा नव्या सुनेवाणी. आन् मागं शेपट्या पाच!" तेव्हापासून आम्ही त्याला पाहुणी म्हणायला लागलो.

बाईसाहेबांचं म्हणणं एवढंच होतं, की एक फूल फुलावं आणि त्याचा फोटो आईला पाठवावा. "माँ को दिखाना है, उसका फूल यहाँ भी खिला."

त्याच दिवसांत कळलं, की बंगल्यावर माळ्याची एक जागा परमनंट होणार. एकच. गुरम्माचं वय बसत नव्हतं. राहिलो कमल आणि मी. बाईसाहेब उघड म्हणाल्या, नाव कमलचं जाईल, हात तिचा आहे. साहेब शेवटी मुकादमिणीला विचारणार होते, पण त्यात विचारायचं काय होतं? गुरम्मालाही दिसत होतं, मलाही दिसत होतं. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. खोटं कशाला लिहू.

कमल त्या जागेसाठी हरखली होती. पगाराचं तिनं कधी काढलं नाही. तिला हजेरीपटावर सही करायची होती. रोजंदारीला अंगठा चालायचा, परमनंटला सही पाहिजे, असं कुणी तरी तिला सांगितलं होतं. मी तिला शिकवलं. कमल. तीन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. ती वाफ्याच्या कडेला बसून काडीनं मातीत गिरवायची. गुरम्मा येता-जाता पायानं पुसून टाकायची. "वाफ्यात बी टाकायचं असतंय, नाव न्हाई." दुसऱ्या दिवशी कमल परत लिहायची. महिनाभरानं गुरम्मा पुसायला आली, तर अक्षराला पाय लावायच्या आधी थोडी थांबली. वाचता येत नव्हतं तिला. मग पुसलं.

पाहुणीचं पहिलं बी आम्ही वाया घालवलं. आमच्याकडं बी पेरतात तसंच पेरलं, मुंग्या लागू नयेत म्हणून राखेत घोळवून, बोटभर मातीखाली. महिना गेला, काही नाही. माती उकरली तर बी कुजलेलं. पाकीट अर्धं संपलं होतं. गुरम्मा दिवसभर त्या कुंडीजवळ बसून राहिली. तेव्हा कमल म्हणाली, "अक्का, थंड मुलखातलं बी हाय. त्याला थंडी लागल्याबिगर ते जागं होतंय का?"

बाईसाहेबांनी ऐकलं आणि त्यांना आठवलं, की आईच्या वाफ्यावर तिकडं हिवाळाभर बर्फ पडलेला असायचा. मग ओल्या वाळूत बी घालून, फडक्यात बांधून, साहेबांच्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी महिनाभर ठेवलं. दसऱ्याला कमलनं ते चाळलेल्या पालापाचोळ्याच्या खतावर नुसतं पसरलं. वर माती नाही. तळहातानं हलकं दाबलं, बस. आणि चिंचेच्या सावलीत गोणपाटाच्या आडोशाला ठेवलं. दिवाळीत कोंब दिसले. चाळीस. गुरम्मानं कमलच्या डोक्यावर हात बित ठेवला नाही. "चाळीस लई झाली," एवढंच म्हणाली.

लई झालीच होती, कारण पावसानं त्या साली तोंड दाखवलं नव्हतं. विहिरी तळाला गेल्या. बंगल्याला दोन दिवसांआड टँकर यायचा आणि त्यातलं पाणी गुरम्मा तांब्यानं मोजायची. तिनं स्वयंपाक्याच्या हाती साहेबांना निरोप धाडला, की आंघोळ पत्र्याच्या टबात उभं राहून करा, पाणी आम्हाला लागतं. वर म्हणाली, "आन् साबण लावू नका म्हनावं. पाहुणीला चालत न्हाई. हरभऱ्याचं पीठ लावा." सगळा जिल्हा ज्यांना सलाम ठोकायचा, ते साहेब दोन महिने पीठ चोळून आंघोळ करत होते. टँकरचा ड्रायव्हर आजमभाई हसून हसून बेजार व्हायचा. म्हणायचा, "गुरम्माखाला, साहब को तळून घ्या आता, पीठ तर लागलंय." त्या वर्षात आम्ही हसलो असू ते तेवढंच.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडं बाया घागरी घेऊन थांबायच्या. एक बाई एकदा काखेतलं लेकरू वर धरून म्हणाली, "अक्का, तांब्याभर द्या वो. पोराचं तोंड कोरडं पडलंय. तुमी झाडाला घालून राहिलाव."

गुरम्मा झारी न थांबवता म्हणाली, "झाडाला फूल येणार हाय. तुझ्या पोराला काय येणार हाय?"

ती बाई रडली नाही. घागर उचलून गेली. कमलच्या हातातला तांब्या खाली पडला. तेवढंही पाणी सांडलं म्हणून गुरम्मानं तिच्या पाठीत बुक्की घातली. मी बघत होतो. एक सांगायला पाहिजे, की गुरम्मा स्वतः दिवसाला एकच तांब्या प्यायची, मोजून, झाडाला घालायची तोच. ओठ फुटून रक्त यायचं, त्याला ती तंबाखूचं बोट लावायची. म्हणजे दुष्ट होती, पण सगळ्यांना सारखी.

पाणी जसं कमी झालं, तशी विरळणी झाली. चाळीसची वीस, विसाची आठ. प्रत्येक खेपेला गुरम्मा कमललाच उपटायला लावायची. "तुझ्याच हातानं काढ. तूच जगवलीस."

"अक्का, माझ्या प्यायच्यातलं घालते की."

"मग तू वाळशील. मग तुला उपटावं लागंल. काढ."

आठाची तीन केली त्या दिवशी कमलनं एक रोप पदरात लपवलं. स्वयंपाकघरामागं फुटक्या कुंडीत लावलं, स्वतःच्या पेल्यातलं पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी त्यानं मान टाकली. गुरम्माला ते सापडलं. मला वाटलं, आता टाच येणार. पण ती खाली बसली, रोप वर काढलं आणि कमलला मूळ दाखवलं. बोटासारखं एकच जाड मूळ, टोकाला तुटलेलं.

"बघ. हिला तंतू नसतात झेंडूवाणी. एकच मूळ, सरळ खाली गेलेलं. ही एकदा जागेवरनं हालली की संपली. दुसरीकडं लागत न्हाई."

एवढं शांत बोलताना मी तिला त्या एकाच वेळी ऐकलं.

महाशिवरात्र आली. उरलेल्या तीन पाहुण्यांतल्या एकीला कळी होती, ती आदल्या दिवशी संध्याकाळी उघडली. निळी, मान खाली, मागं पाच शेपट्या, आणि प्रत्येक शेपटीच्या टोकाला मधाचा थेंब. बाईसाहेब टाळ्या वाजवत होत्या. आईची तब्येत जास्त झाल्याचं पत्र आलं होतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोटोवाल्याला बोलावणं गेलं.

आम्ही लिंगायत. रोज सकाळी लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, भस्म लावायचं, फूल वाहायचं. पण त्या साली सगळ्या गावात फूल नव्हतं. बाजारात वाळलेलं बेलपान मिळत होतं. गोदी गेल्यापासून कमल पूजेला बसायची, पण तिचे ओठ हलायचे नाहीत. त्या सकाळी लिंग हातावर घेऊन ती बराच वेळ बसली. मग मला ऐकू येईल न येईल असं म्हणाली, "गोदीच्या नावानं आज एक फूल वाहिलं असतं."

मी उठलो. बंगल्यावर गेलो. कोणी नव्हतं. मी पाहुणीचं फूल तोडलं.

का तोडलं, ते आता चाळीस वर्षांनी नीट सांगता येत नाही. पोर गेल्यापासून पोरीबद्दल मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. मला वाटलं असेल, की हे फूल म्हणजे तो शब्द. फोटोचं विसरलो होतो का? नव्हतो. पुन्हा कळ्या येतील, असं काही तरी मनाला सांगितलं.

टोपीत घालून आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. कमलचा चेहरा उतरला.

"अवं, काय करून बसलाव हे?"

तिनं ते वाहिलं नाही. लिंग डबीत ठेवलं, फूल ओल्या फडक्यात घेतलं आणि अनवाणी बंगल्याकडं पळाली. तिला वाटलं, दहाच्या आत पाण्यात ठेवलं तर फोटोपुरतं तरी टिकेल. मी मागनं पळालो. फाटकात गुरम्मा उभी होती. तिला झाड बघून कळलंच होतं. तिच्यामागं बाईसाहेब, डोळे भरलेले.

कमलनं फडकं उघडलं. गुरम्मानं फूल उचललं, देठ डोळ्यांजवळ नेला आणि त्यावरून अंगठा फिरवला. देठाला पीळ होता. दोरीला असतो तसा. मग तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. कमलकडं नाही.

"किसने तोडा?" बाईसाहेबांनी विचारलं.

"कमळीनं," गुरम्मा म्हणाली.

कमलनं माझ्याकडं बघितलं. ती काही म्हणणार नव्हती. नवऱ्याचं नाव चोर म्हणून घेणारी बाई नव्हती ती. ती वाट बघत होती. मी फाटकाजवळच्या पाण्याच्या टाकीकडं बघत होतो. टाकीच्या तळाला कडुलिंबाचं एक पान पडलं होतं, ते मला अजून दिसतं.

"कमल, तुमने? तुमने तोडा?"

कमल थांबली. मोजलं तर दहा श्वास झाले असतील. मग तिनं फडकं झटकलं, घडी घातली आणि फाटकातनं बाहेर गेली.

नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं, की बोललो असतो तर दोघांनाही काढलं असतं, एकाची तरी चूल पेटायला पाहिजे होती. ते खोटं आहे. मी बोललो असतो तर मला काढलं असतं आणि तिची जागा तिला मिळाली असती. मी भ्यालो, एवढंच.

आणि फोटो? फोटो निघाला. गुरम्मानं बाभळीचा एक काटा घेतला आणि ते फूल त्याच्याच देठाला टोचून परत उभं केलं. "रडू नका बाईसाहेब. तासभर टवटवीत राहील. काढून घ्या." फोटोत काही कळत नव्हतं. तिकडं म्हातारीनं तो बघितला म्हणे. म्हणजे फुलाचं नुकसान काहीच झालं नाही.

पंधरा दिवसांनी माझं नाव लागलं. मी हजेरीपटावर सही केली. चैत्रातल्या उन्हात तिन्ही पाहुण्या वाळून गेल्या, गुरम्मानं त्या उपटून खताच्या खड्ड्यात टाकल्या.

कमल त्या फाटकाच्या आत पुन्हा कधी आली नाही. ती डाळमिलला लागली. तीस वर्षं तुरीतले खडे निवडले. माझ्याशी भांडली नाही, टोमणा मारला नाही. अवं जेवलाव का, अवं पाऊस येतोय, सगळं नीट. दोन पोरं झाली, वाढवली. पण मातीत हात घातला नाही. मी एकदा बंगल्यावरनं मोगऱ्याचं रोप आणलं, तिनं ते दाराबाहेर ठेवलं आणि कोणी तरी नेलं. आमच्या दारात तुळस सुद्धा नव्हती. शेवटी दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर सही पाहिजे होती. मी म्हणालो, "कर की, येती तुला." ती म्हणाली, "विसरले," आणि शाईच्या डबीवर अंगठा टेकवला. तीन अक्षरं. काना नाही, मात्रा नाही.

गुरम्मा त्यानंतर दोन वर्षं बंगल्यावर होती. माझ्याशी कामापुरतं बोलायची. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांना फुलं नको होती, नुसतं गवत पाहिजे होतं. तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं ऐकलं, खुरपं माझ्या पायाशी टाकलं, बियांची चंची कमरेची सोडून झटकून रिकामी केली आणि म्हणाली, "साकु." बस स्टँडकडं गेली. निरोप नाही, मागं बघणं नाही.

पुढं पंचवीसेक वर्षांनी पुतण्याच्या लग्नाला उदगीरला गेलो होतो. कमल आली नाही, मिलला सुट्टी नव्हती. आडत बाजारातून चाललो होतो. एका दुकानाच्या ओट्याखाली तीन-चार म्हाताऱ्या सुपं घेऊन डाळ निवडत बसल्या होत्या. त्यातल्या एकीचे डोळे पांढरे झालेले. पण भस्माचे पट्टे तेच, कमरेला एक चंची. बघत नव्हती, नुसती बोटं चालत होती. डाळ इकडं, खडा तिकडं. मी समोर बसलो.

"गुरम्मा, मी नागनाथ. लातूरचा."

बोटं थांबली नाहीत. "कोण? पिळ्या का?"

 म्हणालो, "हाव."

"जागा हाय अजून?"

"हाय. पुढच्या साली रिटायर होतोय."

"बरं झालं. खा." थोडी डाळ निवडली. "कमळी कशी हाय?"

"बरी हाय. डाळमिलला जाती. खडे निवडती."

"मी बी तेच करून राहिले." हसली की खोकली, कळलं नाही. मग म्हणाली, "आन् लावलं काय काय तिनं? हात लई गुणाचा हाय तिचा. परसात काय लावलंय?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजी?"

"तवापासनं मातीला हात लावला न्हाई तिनं. एक काडी सुद्धा न्हाई."

तेव्हा तिची बोटं थांबली. ते पांढरे डोळे माझ्याकडं नव्हते, माझ्या खांद्यावरनं कुठं तरी होते. रस्त्यावर हमाल ओरडत होते, पोती पडत होती. बाकीच्या बाया निवडत होत्या.

"मला वाटलं ती कुठंबी लागंल," गुरम्मा म्हणाली. "तिच्या हातात दम होता. तुझ्यात न्हवता. तुला कुंडीतनं काढला असता तर आठ दिवसात वाळला असतास. म्हनून तुला ठिवला."

मला बोलता येत नाही, हे तिलाही माहीत होतं.

"तिचं मूळ बघायला पायजे हुतं," ती म्हणाली. मग तंबाखू थुंकली आणि अगदी साध्या आवाजात, भाजीवाली जास्तीचा पैसा परत करते तशी म्हणाली, "मी चुकीचं उपटलं."

घरी आल्यावर कमलनं विचारलं, "उदगीरला कोण वळखीचं भेटलं का?" मी म्हणालो, "न्हाई." तिनं ताट वाढलं. त्यानंतर ती पंधरा वर्षं जगली. रोज माझ्यासमोर बसून जेवली. तिला सांगायचं होतं, की गुरम्मानं तुझी चौकशी केली, हात गुणाचा म्हणाली, चुकले म्हणाली. पण ते सांगायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं. ते तिला माहीतच होतं. तरी माझ्या तोंडून यायला पाहिजे होतं.

त्या दिवशी आडतीत मी गुडघ्याला हात लावून उठलो. "येतो" म्हणालो. तिनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही. दहा पावलं जाऊन मागं पाहिलं. तिची बोटं परत चालू झाली होती, सुपातल्या प्रत्येक दाण्याला हात लावून बघत. एक खडा तिनं चिमटीत धरला, बराच वेळ अंगठा फिरवला, आणि मी बसलो होतो त्या जागेवर टाकला.